कामाच्या गर्दीत कॅमेरा चालू ठेवायचा तर

वर्षअखेरचे हिशेब, ऑडिट, परीक्षांचे दिवस, प्रोजेक्टची डेडलाइन. कामाचा सीझन कुठलाही असो, तो सुरू झाला की कॅमेरा कपाटात जातो आणि दोन-तीन महिने बाहेर येत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: वेळच मिळत नाही. फोटोग्राफीला निदान अर्धा दिवस मोकळा लागतो, हा समज त्यामागे असतो.

जरा हिशेब करून बघा. १/२५० सेकंदाने शंभर फोटो काढले तरी शटर एकूण अर्धा सेकंदसुद्धा उघडं राहत नाही. बघणं, थांबणं, चौकट जुळवणं हे सगळं धरलं तरी प्रत्यक्ष फोटो काढण्यात फार वेळ जात नाही. वेळ जातो तो आधी आणि नंतर. आधी बॅटरी चार्ज नाही, कार्ड सापडत नाही, लेन्स कुठली घ्यायची ते ठरत नाही, जायचं कुठे तेही ठरत नाही. नंतर चारशे फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचे, निवडायचे, एडिट करायचे. गर्दीच्या दिवसांत हे आधीचं आणि नंतरचं ओझं कमी करायचं आणि मधल्या पंधरा-वीस मिनिटांना हात लावायचा नाही. खाली जे काही सांगितलंय ते एवढ्यासाठीच.

वेळ कुठे आहे ते आधी बघा

कॅलेंडर उघडा आणि दोन प्रकारच्या जागा शोधा. पहिली, रोज आपसूक येणारी दहा-पंधरा मिनिटं: कामावर जाता-येतानाचा पायी रस्ता, जेवणानंतरची फेरी, मुलांना क्लासला सोडल्यावरची वाट बघण्याची वेळ. दुसरी, आठवड्यातून एकदाच येणारा सलग तास-दीड तास. एवढं पुरतं. रोज एक तास काढण्याचा संकल्प गर्दीच्या सीझनमध्ये पहिल्या आठवड्यातच मोडतो. तो मोडला की माणूस छंदच पुढच्या महिन्यावर ढकलतो.

आठवड्याचा तास शक्यतो सकाळी ठेवा. संध्याकाळवर भरवसा ठेवता येत नाही, कारण कामाला शेपूट फुटतं ते नेमकं संध्याकाळी. मात्र रोज पहाटे उठून झोप मोडू नका. झोप अपुरी असली की डोळ्यांना काही दिसत नाही आणि हातही स्थिर राहत नाही. आठवड्यात एक सकाळ पुष्कळ झाली.

कॅलेंडरमध्ये नुसतं ‘फोटोग्राफी’ असं लिहू नका. असली मोघम नोंद कुठल्याही मीटिंगपुढे हरते. ‘पुलाखालचा जिना, ६:४०, ३५ मिमी’ असं लिहा. जागा, वेळ आणि लेन्स आधीच ठरलेली असेल तर ऐन वेळी डोकं चालवावं लागत नाही. काम आडवं आलं तर ती नोंद त्याच आठवड्यात एकदा पुढे सरकवा. दुसऱ्यांदाही अडलं तर सरळ खोडून टाका. ‘मागच्या आठवड्याचंही या रविवारी करू’ असली थकबाकी साठवली की छंदाचाही तगादा लागतो.

प्रकाशाचं गणितही इथेच उरकून घ्या. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. क्षितिजापासून सुमारे सहा अंशांच्या आत आला की सोनेरी, तिरका, मऊ प्रकाश मिळतो. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे हा प्रकाश जेमतेम २५ मिनिटं टिकतो. ४५ अंश अक्षांशावर मार्च-सप्टेंबरच्या सुमारास तोच साधारण ३५ मिनिटं मिळतो आणि ध्रुवांकडे जावं तसा आणखी लांबतो. तुमच्या गावी किती वेळ मिळतो ते सूर्याची दिशा दाखवणाऱ्या अ‍ॅपवर एकदा बघून घ्या. फोटोपिल्ससारख्या अ‍ॅपमध्ये तारीख आणि जागा टाकली की सूर्य कुठल्या इमारतीमागे जाणार तेही कळतं. सूर्यास्त कामावरून सुटायच्या आधीच होत असेल तर संध्याकाळचा सोनेरी प्रकाश या सीझनला विसरा. त्यानंतरचा निळसर उजेड आणि रस्त्यावरचे दिवे धरा. मिळणाऱ्या वेळेला जो प्रकाश असेल तोच आपला, असं एकदा मान्य केलं की निम्मी चिडचिड संपते.

बॅग दाराशी हवी

कपाटातला कॅमेरा बाहेर काढायला दोन मिनिटंच लागतात, पण थकलेल्या माणसाला ती दोन मिनिटं जड जातात. म्हणून एक छोटी बॅग भरून दाराजवळच्या खुंटीला लावून ठेवा. तिच्यात एवढंच: कॅमेरा, त्यावर बसवलेली एक लेन्स, एक जादा बॅटरी, एक जादा कार्ड, मायक्रोफायबरचं फडकं आणि कॅमेरा मावेल अशी एक झिपची प्लास्टिक पिशवी. ट्रायपॉड नको, दुसरी लेन्स नको. बॅग एक-दीड किलोच्या वर गेली की चौथ्या दिवशी ती घरी राहते.

लेन्स एकच का? बदलायला वेळ लागतो म्हणून नव्हे. दोन असल्या की प्रत्येक फोटोआधी ‘कुठली लावू’ हा प्रश्न येतो म्हणून. पूर्ण फ्रेमच्या (म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबाने ३५ किंवा ५० मिमीची फिक्स, म्हणजे झूम नसलेली लेन्स महिनाभर लावून ठेवा. दहा दिवसांत कॅमेरा डोळ्याला न लावताही चौकटीत काय येईल त्याचा अंदाज येऊ लागतो. गर्दीच्या दिवसांत वेळ वाचवणारी यासारखी दुसरी गोष्ट नाही.

घरी आल्यावर बूट काढण्याआधी चार मिनिटांचं काम: वापरलेली बॅटरी चार्जरला, चार्ज झालेली कॅमेऱ्यात, कार्डातले फोटो उतरवायला लावणं, लेन्सच्या काचेवर एक नजर. बॅटऱ्यांवर कागदी टेप लावून १ आणि २ असे आकडे घाला, नाहीतर कुठली भरलेली आणि कुठली रिकामी याचा घोळ ठरलेला. मिररलेस कॅमेऱ्याची एक बॅटरी साधारण तीन-चारशे फोटो चालते. पण ब्लूटूथ किंवा वायफाय चालू राहिलं तर बॅगेत पडल्या-पडल्यासुद्धा ती उतरू शकते, म्हणून कॅमेरा एअरप्लेन मोडवर ठेवा आणि आपोआप बंद होण्याची वेळ एक मिनिटावर आणा.

सगळ्यात जास्त होणारी फजिती म्हणजे कार्ड लॅपटॉपमध्येच राहणं. बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये कार्ड नसतानाही शटर दाबता येतं. फोटो पडद्यावर दिसतो आणि कुठेच साठत नाही. मेनूत ‘कार्डाशिवाय शटर’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो, तो बंद करून टाका. मग कार्ड नसेल तर कॅमेरा तिथल्या तिथे अडून बसतो. जादा कार्ड बॅगेत असतंच.

झिपची पिशवी एसीसाठी आहे. दिवसभर एसी ऑफिसात थंड झालेला कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत काढला की लेन्सवर दव धरतं आणि तुमची पंधरा मिनिटं काच पुसण्यात जातात. पुसलं तरी ते पुन्हा धरतं, कारण काच अजून थंडच असते. निघायच्या अर्धा तास आधी कॅमेरा पिशवीत घालून, हवा काढून, झिप बंद करा आणि ती पिशवी एसीच्या झोतापासून दूर, शक्य असेल तर बिनएसीच्या जागी ठेवा. दव धरलंच तर पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं. कॅमेरा बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडा.

सेटिंग घरीच, एकदाच

रस्त्यावर उभं राहून मेनू चाळणं म्हणजे हातातली मिनिटं फुकट घालवणं. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या डायलवर सी१, सी२ किंवा यू१, यू२ असे आपली सेटिंग साठवण्याचे कप्पे असतात. एका निवांत संध्याकाळी ते भरून ठेवा.

पहिला कप्पा दिवसाच्या उघड्या प्रकाशासाठी: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/८, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), कमाल ६४००, किमान शटर १/२५०. चालती माणसं या वेगाला बहुतेक वेळा धारदार येतात; सायकल किंवा धावणारं मूल असेल तर १/५०० लागेल.

दुसरा कप्पा घरातल्या, जिन्यातल्या आणि संध्याकाळच्या उजेडासाठी: लेन्स जितकी उघडेल त्याच्या एक स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे एफ/१.८ च्या लेन्सला एफ/२.५ च्या आसपास. किमान शटर १/१००, आयएसओ कमाल १२८००. १/१०० मुद्दाम. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर त्याहून जलद असलं की कधी फोटो काळपट येतो, कधी त्यात आडवे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की एक पूर्ण चक्र मावतं. ६० हर्ट्झच्या देशांत १/१२० किंवा १/६० घ्या. इलेक्ट्रॉनिक शटरवर हे पट्टे जास्त सतावतात, म्हणून घरात मेकॅनिकल शटर बरं.

तिसरा कप्पा टेबलावरच्या स्थिर वस्तूंसाठी, ट्रायपॉड लावून: मॅन्युअल, आयएसओ १००, एफ/८, दोन सेकंदांचा टायमर.

कप्पे वापरण्याचा खरा फायदा दुसऱ्या दिवशी कळतो. काल रात्री उणे दोन स्टॉपवर ठेवलेलं एक्स्पोजर किंवा ट्यूबलाइटचा व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) आजच्या उन्हात तसाच राहिला, तर चांगला क्षण हातचा जातो. कप्पा पुन्हा निवडला की सगळं मूळ पदावर येतं. काही कॅमेऱ्यांत ‘बदल आपोआप साठवा’ असा पर्याय असतो. तो चालू असेल तर हा फायदा गेलाच, तेव्हा तो बंद आहे ना ते बघा. कप्पेच नसलेला कॅमेरा असेल तर आवरताना चार गोष्टी मूळपदी आणायची सवय लावा: ऑटो आयएसओ, एक्स्पोजर शून्य, व्हाइट बॅलन्स ऑटो, सिंगल फोकस.

रस्त्यावरच्या झटपट फोटोंसाठी आणखी एक युक्ती आहे, फार जुनी पण अजूनही बिनतोड. ऑटोफोकस बंद करून अंतर आधीच ठरवून ठेवायचं. एपीएस-सी (पूर्ण फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २३ मिमीची लेन्स, एफ/८, फोकस अडीच मीटरवर: साधारण १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. पूर्ण फ्रेमवर ३५ मिमीने तीच चौकट मिळते, पण तिथे हा पट्टा आखूड होतो, अंदाजे १.७ ते ४.९ मीटर. तेव्हा पूर्ण फ्रेमवाल्यांनी एफ/११ वर जावं. मग फक्त चौकट बघायची आणि दाबायचं. फोकस रिंगला चुकून धक्का लागणं हा यातला एकच धोका. रिंग कागदी टेपने चिकटवली की तोही मिटतो.

पंधरा मिनिटांत काढायचं काय

‘जे दिसेल ते’ हे उत्तर सुट्टीत ठीक आहे. पंधरा मिनिटांत ते चालत नाही, कारण पहिली दहा मिनिटं शोधण्यातच जातात. सीझनच्या सुरुवातीलाच एक अरुंद विषय घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. एकच जिना. एकच वळण. वाट बघणारी माणसं. भिंतीवरच्या सावल्या. विषय जितका अरुंद, तितकं लवकर काम सुरू होतं. ‘निसर्ग’ किंवा ‘शहर’ हे विषय झाले नाहीत, ती खाती झाली.

अरुंद विषयातून किती निघू शकतं याचं उदाहरण हवं असेल तर प्रागचा फोटोग्राफर योसेफ सुदेक. युद्धाच्या काळात, शहर नाझींच्या ताब्यात असताना, बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं कठीण झालं, तेव्हा १९४० मध्ये त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि १९५४ पर्यंत काढत राहिला. खिडकी तीच, बाहेरचं वाकडं झाड तेच. काचेवरचं दव, पाऊस, बर्फ आणि काचेआडून येणारा उजेड तेवढा बदलत गेला.

दुपारच्या फेरीत प्रकाश डोक्यावरून येतो आणि चेहऱ्यांवर डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. तेव्हा माणसांचे चेहरे सोडा. या उन्हात रेलिंगच्या, जाळीच्या, पायऱ्यांच्या सावल्या कडक पडतात, त्या घ्या. भिंत उजळ आणि समोरून जाणारा माणूस काळा हवा असेल तर प्रकाश मोजताना भिंतीवर मोजा आणि माणूस दोन सावल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येईपर्यंत थांबा. पोर्ट्रेटच काढायचं असेल तर माणसाला इमारतीच्या सावलीत, सावलीच्या कडेपासून एक-दोन पावलं आत उभं करा आणि तोंड उन्हाच्या बाजूला करा. समोरच्या उन्हातून परतलेला प्रकाश चेहऱ्यावर मऊ पडतो.

बाहेर पडणंच शक्य नसेल त्या आठवड्यात टेबल आणि खिडकी. हा प्रकार पुष्कळांना कमी दर्जाचा वाटतो, पण प्रकाश शिकायचा तर याच्याइतकी चांगली शाळा नाही. वीस मिनिटांचं काम असं होतं:

ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही अशी खिडकी घ्या. टेबल तिच्यापासून साधारण हातभर अंतरावर, प्रकाश वस्तूवर बाजूने येईल असं लावा. खोलीतले सगळे दिवे बंद करा. खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्विन किंवा त्याहून थंड, पिवळा बल्ब २७०० केल्विनच्या आसपास, आणि दोन्ही एकत्र आले की वस्तूची एक बाजू निळी आणि एक पिवळी होते, जी एडिटिंगमध्ये नीट सुटत नाही. वस्तू एकच घ्या: किल्ली, वाळलेलं पान, कापलेलं फळ, जुनं घड्याळ. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८. पहिला फोटो काहीही न करता काढा. मग खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कार्डशीट उभा करा आणि सावली किती उजळते ते बघा. तो वस्तूजवळ आणला की सावली जवळजवळ नाहीशी होते, दूर नेला की परत गडद होते. मग पांढऱ्याच्या जागी काळा कार्डशीट ठेवा. धातूची किंवा काचेची वस्तू असेल तर तिच्या कडेला काळी रेघ उमटते आणि आकार एकदम उठून दिसतो. शेवटी टेबल खिडकीपासून दोन मीटर आत न्या आणि पुन्हा काढा: खिडकी वस्तूच्या मानाने लहान झाली, म्हणून सावलीची कड जास्त कडक येते. चार फोटो, चार वेगळे प्रकाश. इथे फोटो हलण्याची भीती शटर हळू असल्यामुळे असते. १/४ सेकंदाच्या आसपास टेबलाला लागलेला गुडघा किंवा पंख्याने हललेलं पानसुद्धा पुरतं. पंखा बंद, टायमर चालू. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) बंद ठेवलेला चांगला. काही लेन्सेस स्थिर असतानाही उगीच दुरुस्ती करत बसतात.

खिडकीच्या काचेतून बाहेरचे फोटो काढायचे असतील तर लेन्सहूड काचेला टेकवा आणि भोवती गडद कापड गुंडाळा, नाहीतर तुमचाच पांढरा शर्ट चौकटीत तरंगतो.

आता मोबाइल. खिशात असलेला कॅमेरा घरी राहिलेल्या कॅमेऱ्यापेक्षा केव्हाही चांगला, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्याला कॅमेऱ्यासारखं वागवा. काच आधी पुसा. खिशातल्या तेलकट डागामुळे दिव्यांभोवती धुरकट वलय येतं आणि दोष मोबाइलला लागतो. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. बोटांनी झूम करू नका, पुढे चालत जा. आणि काढलेले फोटो त्याच दिवशी वेगळ्या अल्बममध्ये टाका, नाहीतर बिलांचे फोटो आणि स्क्रीनशॉट यांच्या गर्दीत ते पुन्हा सापडायचे नाहीत.

कामाच्या ठिकाणी फोटो काढताना नियम आधी विचारून घ्या आणि मागच्या स्क्रीनवर, फळ्यावर, टेबलावरच्या कागदांवर काय लिहिलंय ते दाबण्यापूर्वी बघा. सहकाऱ्यांचा फोटो त्यांना विचारूनच.

फोटोंचा ढीग होऊ देऊ नका

छंद बंद पडतो तो बहुधा इथे. फोटो काढायला वेळ मिळतो, पण निवडायला मिळत नाही; मग दोन हजार फोटोंचा ढीग बघून नवे काढायचीही इच्छा मरते. हे फक्त हौशी लोकांचं होतं असं नाही. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये गेला तेव्हा मागे सुमारे अडीच हजार रोल न डेव्हलप केलेले पडले होते.

उपाय काढतानाच करायचा. एका फेरीला ३६ फोटोंची मर्यादा घाला, जुन्या रोलइतकी. २४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस्ड रॉ फाइल (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे ३६ फोटोंचा अख्खा रोल एक जीबीच्या आसपास बसतो आणि चहा होईपर्यंत उतरतो. कंटिन्युअस मोड बंद ठेवा. एकाच क्षणाच्या अकरा जवळजवळ सारख्या फोटोंमधून एक निवडणं हे फोटोग्राफीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे.

रॉ आणि जेपेग दोन्ही साठवा. सीझनभर पाहायला, पाठवायला जेपेग वापरा. रॉ उघडायची ती फक्त निवडलेल्या फोटोंची. कॅमेऱ्यातला पिक्चर प्रोफाइल एकदा मनासारखा लावला की निम्म्या फोटोंना एडिटिंग लागतच नाही.

निवड दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत फोटो पूर्ण स्क्रीनवर, झूम न करता, प्रत्येकाला दोन-तीन सेकंद: ठेवायचा की नाही. लाइटरूम क्लासिक या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायला पी, टाकायला एक्स. कॅप्स लॉक चालू ठेवलं की पुढचा फोटो आपोआप येतो. डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायला आर आणि ठेवायला तारे. ‘कदाचित’ असा गट करू नका, तिथे सगळेच जाऊन बसतात. दुसऱ्या फेरीत फक्त ठेवलेले फोटो शंभर टक्के मोठे करून फोकस तपासा आणि त्यातले तीन शिल्लक ठेवा. ३६ मधून ३, वेळ दहा मिनिटं. त्या तिघांनाच एडिट करा, प्रत्येकी पाच मिनिटांच्या आत: आधी क्रॉप, मग एक्स्पोजर, मग रंग. सरळ रेषा वाकडी असेल तर सगळ्यात आधी ती.

रात्री उशिरा एडिट करणाऱ्यांना दोन खोड्या भोवतात. एक, ऑफिसच्या कामासाठी लावलेला स्क्रीनचा नाइट मोड. स्क्रीन पिवळसर असतो, म्हणून माणूस फोटो निळा करत जातो आणि सकाळी सगळे थंडगार दिसतात. दुसरी, अंधाऱ्या खोलीत पूर्ण ब्राइटनेस: फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, तो गडद केला जातो आणि प्रिंट काळपट येते. नाइट मोड बंद, ब्राइटनेस निम्म्याच्या आसपास, खोलीत एक मंद दिवा. आणि शेवटचा निर्णय सकाळी.

फोल्डरची नावं तारखेपासून सुरू करा: वर्ष-महिना-दिवस, मग विषयाचा एक शब्द. एवढ्याने ती आपोआप ओळीत लागतात. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. निदान दोन प्रती झाल्या आहेत हे फोल्डर उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा, कॉम्प्युटरवर नको.

आधीचा ढीग साठलेलाच असेल तर त्याला सीझन संपेपर्यंत हात लावू नका. ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये तो ढकला आणि आजपासूनचं नवं ठेवा. जुन्यात एखादं रत्न असेल तर ते दोन महिने कुठे पळून जात नाही.

एखादा महिना खरंच काही जमलं नाही तर

मग निदान कॅमेरा सांभाळा. चामड्याच्या बंद केसमध्ये, कपड्यांच्या कपाटात ठेवलेल्या लेन्सला दमट हवेत बुरशी धरते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते आणि ती साफ केली तरी डाग राहू शकतो. सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की धोका वाढतो. झाकण घट्ट बसणारा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर ठेवा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. तीसच्या खाली जाऊ देऊ नका, फार कोरड्या हवेत रबर आणि वंगणाचं नुकसान होतं. रंग बदलणारी सिलिका घेतली तर काम सोपं: नारिंगी दाणे ओल शोषून हिरवे झाले की ते पसरट भांड्यात ओव्हनमध्ये ११० ते १२० अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा नारिंगी होतात. कागदी किंवा प्लास्टिकच्या पुड्या मात्र ओव्हनमध्ये टाकू नका, दाणे बाहेर काढूनच तापवा, आणि पूर्ण निवल्यावर डब्यात घाला.

बॅटरी कॅमेऱ्यातून काढून निम्मी चार्ज असताना ठेवा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी लिथियम बॅटरी पडून राहिली की लवकर म्हातारी होते. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली तर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ शून्यावर येतं, म्हणून पुन्हा सुरुवात करताना तारीख आधी तपासा, नाहीतर नवे फोटो भलत्याच वर्षाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. पंधरा दिवसांतून एकदा डबा उघडा, फोकस आणि झूमच्या रिंगा दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, दहा-बारा वेळा शटर दाबा आणि मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारून आत तंतू किंवा धुरकटपणा दिसतो का ते बघा. सुरुवातीलाच दिसलं तर सर्व्हिस सेंटरमध्ये साफ करून मिळतं. तोवर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा.